ओशाळणे = लाज वाटणे

सातवीतल्या एका मुलीनं गृहपाठाच्या वहीत वाक्य लिहिलं होतं : ‘नवरी मुंडावळ्या बांधून ओशाळत बसली होती.’

तपासायचं पेन हातात धरून मी त्या वाक्यापाशी थांबले. शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर, ‘मुंडावळ्या’ हा शब्द अगदी जागच्या जागी. चूक एकच होती आणि ती तिची नव्हती. दोन दिवसांपूर्वी मीच फळ्यावर लिहिलं होतं, ‘ओशाळणे = लाज वाटणे’. तिनं त्या बरोबरच्या चिन्हावर विश्वास ठेवला. नवरी लाजते, हे तिनं आत्याच्या लग्नात डोळ्यांनी पाहिलेलं. लाज वाटणे म्हणजेच ओशाळणे, असं बाईंनी सांगितलेलं. मग तिच्या वहीतली नवरी ओशाळली.

गणितात बरोबरच्या चिन्हाच्या दोन्ही बाजू खुशाल अदलाबदल करता येतात. शब्दांचं तसं नसतं, हे मला घरी बसून कळत होतं, पण वर्गात शिरलं की जुनी सवय पुढे यायची. धडा वाचायचा, कठीण शब्दांखाली रेघ मारायला सांगायची, फळ्याचे दोन भाग करून डावीकडे शब्द आणि उजवीकडे अर्थ लिहायचे. ३५ मिनिटांच्या तासातली शेवटची १० मिनिटं त्यात जायची. ५२ माना खाली, वर्ग शांत, वह्या भरत चाललेल्या. ११ वर्षं मी अशीच शिकवत होते. परीक्षेत ‘समानार्थी शब्द लिहा’ या प्रश्नाला मुलांना पैकीच्या पैकी मिळायचे, आणि तीच मुलं निबंधात ‘खूप छान’, ‘खूप मोठा’, ‘खूप वाईट’ यांच्या पलीकडे पाऊल टाकत नव्हती. वहीच्या मागच्या पानांवर शेकडो शब्द पडून, आणि पुढच्या पानांवर चार शब्दांत सगळा संसार.

दुसऱ्या दिवशी त्या मुलीला विचारून मी तिचं वाक्य फळ्यावर लिहिलं. कुणाचं ते सांगितलं नाही. ‘यात काही खटकतंय का?’ म्हटलं. ज्यांच्या घरी हा शब्द कानावर पडतो अशा दोघीतिघी चुळबुळल्या, पण नेमकं काय बिनसलंय ते त्यांनाही सांगता येईना. मग मी अर्थ सांगायचा सोडला आणि प्रसंग सांगायला लागले.

घरी पाहुणे आलेत, आई म्हणते गाणं म्हणून दाखव, आणि मुलगी आईच्या पाठीमागे जाते. तिला काय झालं? ‘लाजली!’ सगळ्यांचा एकच आवाज. मैत्रिणीच्या घरी पहिल्यांदाच जेवायला गेलीस, भूक आहे, पण दुसरी पोळी मागवत नाही. यावर जरा कुजबुज, मग मागच्या बाकावरून ‘संकोच’ आला. ‘सायकलची हवा तूच सोडलीस’ म्हणून शेजारच्या मुलावर ओरडत गेलास, आणि चाकात खिळा रुतलेला निघाला. इथे एकानं स्वतःहून सांगितलं की त्याची आजी ‘वरमला बघ कसा’ म्हणते. मी विचारलं, वरमतो तेव्हा काय होतं? तो म्हणाला, ‘आवाज चढलेला असतो तो खाली येतो.’ मी ते तसंच्या तसं फळ्यावर लिहिलं.

शेवटी लाडवाची गोष्ट सांगितली. भावाच्या वाट्याचा लाडू तू गुपचूप खाल्लास. संध्याकाळी भाऊ येतो, रिकामा डबा बघतो आणि म्हणतो, ‘बरं झालं खाल्लास, तुझ्यासाठीच ठेवला होता.’ आता तुझी मान खाली जाते. हे काय? निम्मे म्हणाले लाज, काही म्हणाले वरमला. ‘पण आवाज कुठे चढला होता?’ असं त्यांच्यातल्याच एकीनं विचारलं आणि वरमणं बाद झालं. थोड्या वेळानं एक मुलगा, जो एरवी मराठीच्या तासाला खिडकीबाहेर बघत असतो, उभा राहून म्हणाला, ‘बाई, हे ओशाळणं आहे. ओशाळायला समोरचा आपल्याशी चांगला वागलेला पाहिजे.’

मला इतकं नेमकं कधी सुचलं नव्हतं. घरी जाताना बसमध्ये आठवलं, माझी आजी म्हणायची, ‘मी कुणाची ओशाळी नाही.’ म्हणजे कुणाच्या उपकाराखाली नाही, कुणाची मिंधी नाही. समोरच्याच्या चांगुलपणाचं ओझं त्या शब्दात मुळातच आहे. त्या मुलानं कोश उघडला नव्हता. त्यानं लाडवाच्या डब्यावरून तो अर्थ स्वतः काढला होता. आणि नवरी का ओशाळत नाही, हे त्या दिवशी वर्गात कुणालाच वेगळं सांगावं लागलं नाही.

त्या तासाला एकच शब्द झाला. खरं तर पाच झाले, लाजणे, संकोचणे, वरमणे, ओशाळणे आणि मुलांनी शेवटी आणलेला खजील होणे, पण शिकवायला घेतला होता एकच. शब्द एकटा कळत नाही. त्याच्या शेजारीपाजारी कोण राहतं, त्याची हद्द कुठे संपते आणि दुसऱ्याची कुठे सुरू होते, हे कळलं की तो कळतो. मला तेव्हापासून शब्द शिकवणं म्हणजे त्याची संगत दाखवणं वाटू लागलं.

पण सगळ्याच शब्दांना एवढा वेळ द्यायचा म्हटलं तर वर्ष पुरणार नाही. निवड करावीच लागते, आणि ती बाईंनी करायची असते. अमेरिकेत इझाबेल बेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शब्दांचे तीन थर मांडले आहेत, त्याचा मला निवडीसाठी फार उपयोग झाला. पहिला थर घर, पाणी, झोप, पळणे असल्या शब्दांचा. ते मूल बोलता बोलता शिकून येतं. तिसरा थर विषयाच्या परिभाषेचा, प्रकाशसंश्लेषण, अक्षांश, लसावि. ते त्या त्या विषयाचे शिक्षक शिकवतात, निदान व्याख्या तरी देतात. अडचण मधल्या थराची आहे. परिणाम, तुलना, क्षुल्लक, अनिवार्य, निमूटपणे, अनुमान, तूर्त. हे शब्द घरात फारसे बोलले जात नाहीत, आणि कुठल्याच विषयाच्या पुस्तकात त्यांची व्याख्या येत नाही. पण सगळ्या पुस्तकांत ते असतात, आणि प्रश्नपत्रिकेत तर हमखास.

आमच्या शाळेतल्या एका मुलाचं गणित चांगलं. तोंडी हिशेब माझ्याहून लवकर करतो. चाचणीत त्यानं एक उदाहरण सोडून दिलं होतं : ‘सीमा व रमा यांची वये अनुक्रमे १२ व १५ वर्षे आहेत, तर त्यांच्या वयांचे गुणोत्तर काढा.’ गणिताच्या बाईंनी मला सहज दाखवलं. मी त्याला बोलावून विचारलं, हे का सोडलंस? तो म्हणाला, ‘बाई, कुणाचं बारा नि कुणाचं पंधरा ते दिलंच नाही.’ गुणोत्तर त्याला येत होतं. चारास पाच, त्यानं उभ्या उभ्या सांगितलं. अडलं होतं ते ‘अनुक्रमे’पाशी, आणि हा शब्द त्याला सात वर्षांत कुणी शिकवला नव्हता. गणिताच्या बाईंना वाटलं असेल मराठीत होतो, मला कधी वाटलंच नव्हतं की तो शिकवावा लागतो.

मग मी एकदा मुलांना पाठ्यपुस्तकातलं एक पान दिलं आणि ज्या शब्दाचा अर्थ नक्की माहीत नाही त्याखाली टिंब द्यायला सांगितलं. परीक्षा नाही, नाव लिहायचं नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी इंग्रजी वाचनाबद्दल दाखवलंय की कुणाच्या मदतीशिवाय मजकूर नीट समजायला त्यातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात, म्हणजे ५० शब्दांत एखादाच अनोळखी. मराठीत शब्दाला विभक्ती चिकटते, जोडशब्द होतात, त्यामुळे तो आकडा इथे जसाच्या तसा लावता येणार नाही. पण माझ्या हातातल्या पानांवर एकेका ओळीत दोन दोन टिंबं होती. मी त्यांना त्या धड्यातल्या नायकाचे गुण सांगा म्हणत होते, आणि ती मुलं चाळणीतून गळून उरलेलं तेवढं वाचत होती.

आता आठवड्याला पाच शब्द घेते, फार तर सहा. धड्यात वीस अनोळखी असले तरी बाकीचे वाचता वाचता तोंडी सांगून पुढे जाते. मधल्या थरातला, पुन्हा पुन्हा भेटणारा, आणि मुलांना स्वतःच्या बोलण्यात वापरता येईल असा शब्द असेल तर तो पाचांत येतो. ‘शिरस्त्राण’ त्यात येत नाही. ‘निमूटपणे’ येतो.

‘वाक्यात उपयोग करा’ हा प्रश्न मात्र मी बंद केला. त्याला मुलं जे उत्तर देतात त्यातून काहीच कळत नाही. ‘तो निमूटपणे बसला.’ बरोबर, पण कळलंय का? त्याऐवजी मी अर्धं वाक्य देते : ‘दादा निमूटपणे उठून गेला, कारण…’ आता कारण लिहायचं म्हणजे शब्दाच्या पोटात शिरावंच लागतं. ‘कारण त्याला भूक लागली होती’ असं लिहिणाऱ्याला शब्द कळलेला नाही, आणि ‘कारण बाबांसमोर बोलून उपयोग नव्हता’ असं लिहिणारीला पुरता कळलाय. उलट बाजूनंही विचारते. निमूटपणे काय करता येणार नाही? भांडता येणार नाही, टाळ्या वाजवता येणार नाहीत. एकीनं विचारलं, ‘बाई, निमूटपणे रडता येतं का?’ त्यावर वर्ग बराच वेळ बोलत होता, आणि मी त्यांना थांबवलं नाही.

शब्दाची संगत जपून कशी ठेवायची, हे मात्र मला पुण्यातच, आमच्या शाळेपासून काही किलोमीटरवर, एका जुन्या इमारतीत सापडलं. येरवड्याकडच्या डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं. तिथे एका मे महिन्यात मी गेले होते. कपाटंच्या कपाटं, आणि त्यांत चिठ्ठ्या. सुमारे १५०० ग्रंथांमधून वेचलेल्या, एक कोटीच्या आसपास. एकेका चिठ्ठीवर शब्द, आणि तो कुठल्या ग्रंथात, कुठल्या ओळीत, कशाच्या जोडीला आला त्याची नोंद. संगणक नसलेल्या काळात माणसांनी बसून हातानं लिहिलेल्या. इतक्या वर्षांत खंडांमागून खंड निघाले, तरी काम अजून ‘अ’ या अक्षरातच आहे.

मी त्या कपाटांसमोर उभी होते आणि मला आमचे शब्दार्थाचे दोन रकाने आठवत होते. इथले विद्वान एका शब्दाचा अर्थ ठरवण्यापूर्वी तो शब्द शेकडो ठिकाणी कसा वागलाय ते पाहतात. मग बारा वर्षांच्या मुलाला मी एका ओळीत अर्थ कसा देते? पुण्यातच दाते-कर्वे मंडळींनी १९३२ पासून ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे खंड काढले, त्यातही शब्दामागे उदाहरणं आहेत, जुन्या काव्यातली, बखरीतली. कोश करणाऱ्यांना हे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर मी चपलांचं एक रिकामं खोकं वर्गात आणलं. जुन्या लग्नपत्रिका मागवल्या, त्यांची मागची कोरी बाजू कापून चिठ्ठ्या केल्या. वरच्या कोपऱ्यात शब्द. खाली तो जिथे भेटला ते वाक्य, आणि कुणी म्हटलं, कुठे वाचलं, कोणत्या दिवशी. अर्थ लिहायचा नाही, एवढा एकच नियम. अर्थ विचारला तर वाक्य वाचून सांगायचा. त्याच शब्दाची दुसरी चिठ्ठी कुणी आणली की ती पहिलीला टाचणीनं जोडायची. ‘तूर्त’ या शब्दाच्या नऊ चिठ्ठ्या जमल्या. एक पाटीवरची होती, ‘तूर्त रस्ता बंद’. एक रेशनच्या दुकानातली, ‘तूर्त एवढंच घेऊन जा’. एक मुलगी डॉक्टरांकडून आली होती, ‘तूर्त गोळ्या चालू ठेवा’. नऊ चिठ्ठ्या ओळीनं वाचल्या आणि ‘सध्यापुरतं, पुढचं पुढे’ असा अर्थ वर्गानंच सांगितला.

खोक्यात पुठ्ठे लावून चार कप्पे केलेत. आजचा शब्द पहिल्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी निघते, ज्याच्या हाती येईल त्यानं नवं वाक्य करायचं. जमलं तर चिठ्ठी आठवड्याच्या कप्प्यात, मग महिन्याच्या, मग सत्राच्या. अडलं तर पुन्हा पहिल्यात. ही युक्ती सेबास्टियन लाइटनर या जर्मन लेखकानं १९७२ साली मांडली, आणि तिच्या मुळाशी जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांचा १८८५ सालचा अभ्यास आहे. त्यांनी स्वतःवरच प्रयोग केले. निरर्थक अक्षरजुळण्या पाठ करायच्या, आणि किती काळानं किती विसरलं ते मोजायचं. तासाभरातच निम्म्याहून जास्त हातचं सुटतं, मग विसरण्याचा वेग कमी होत जातो, असं त्यांना आढळलं. त्यांनी मुद्दाम निरर्थक जुळण्या घेतल्या होत्या, म्हणजे आधीच्या ओळखीचा आधार नको. मी हे वाचलं तेव्हा मला धस्स झालं. कारण ‘तिरपीट = धांदल’ असं ज्या मुलाच्या वहीत मी लिहून दिलं, आणि ज्यानं ना तिरपीट ऐकलीय ना धांदल, त्याच्यापुढे मी दोन निरर्थक जुळण्याच ठेवल्या होत्या.

खोक्याला दिवसाची पाच मिनिटं लागतात. हजेरीनंतर लगेच. ती पाच मिनिटं चुकली तर मुलं आठवण करतात.

वर्गाबाहेरही एकदोनदा जाता आलं, त्यातली एक सकाळ सांगते. आमची शाळा पेठांच्या कडेला, कसब्यातली तांबट आळी, म्हणजे तांब्याची भांडी घडवणाऱ्यांची गल्ली, तिथून पायी जाण्यासारखी. ५२ मुलं एकदम नेणं शक्य नव्हतं, दोन दिवशी दोन तुकड्या नेल्या. आळीच्या तोंडाशीच ठोक्यांचा आवाज येतो. एका कारागिराच्या दाराशी आम्ही उभे राहिलो. मांडीजवळ लोखंडी आधारावर हंडा पालथा घातलेला, आणि त्यावर हातोडीचा एकसारखा ठोका. हंडा ठोक्यागणिक बोटभर फिरतो, एका ठोक्याशेजारी दुसरा बसतो, आणि चकाकत्या टिकल्यांची ओळ पुढे सरकते. ‘याला मठारणं म्हणतात,’ कारागीर काका म्हणाले. ‘यानं पत्रा घट्ट होतो, भांडं टिकतं.’ शेजारी एका पातेल्याला कल्हई चालली होती. पातेलं तापवलं, नवसागर लावून घासलं, पांढरा धूर उठला, मग कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्यानं एका हातानं गर्रकन फिरवली. काळं तांबडं पातेलं आतून चांदीसारखं झालं. मुलांच्या तोंडून आवाजच फुटला. विज्ञानात ‘कथील’ सगळ्यांना येत होतं, त्याची संज्ञाही येत होती. ते २३२ अंश सेल्सिअसला वितळतं, म्हणून शेगडीवर भागतं, हे मी त्यांना तिथेच सांगितलं.

परतताना एक मुलगी म्हणाली, ‘बाई, तांब्याचा असतो म्हणून तांब्या! पण आमचा तांब्या स्टीलचा आहे.’ तिच्या बोलण्यावर पुढच्या चौकापर्यंत चर्चा झाली. वस्तू बदलली तरी नाव चिकटून राहतं, याची उदाहरणं मुलं शोधत चालली होती. शाळेच्या आवारात पोहोचलो तर पिंपळावर तांबट पक्षी बसलेला, ठोके घातल्यासारखं टुक टुक चाललेलं. या पक्ष्याचं नाव तांबट का, हे विचारावं लागलं नाही. एकानं नुसतं वर बोट केलं आणि दुसऱ्या हातानं हातोडी चालवून दाखवली.

‘दप्तर’ या शब्दासाठी तर कुठे जावंही लागलं नाही. फारसीतून आलेला शब्द, कागदपत्रं, नोंदी, त्या ठेवायची जागा. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे, आणि त्यातली कागदांची गाठोडी कापडात बांधलेली असतात, त्या गाठोड्यालाही रुमालच म्हणतात. एवढं सांगितल्यावर मुलांनी आपापल्या पाठीवरच्या दप्तराकडे आणि खिशातल्या रुमालाकडे पुन्हा एकदा पाहिलं. ‘ना’, ‘बे’, ‘गैर’, ‘बिन’ हे शब्दांच्या पुढे लागणारे तुकडे दाखवले की असंच होतं. नापसंत, नाखूश, आणि त्याच ओळीत नापास. एक तुकडा फारसीचा, एक इंग्रजीचा, आणि शब्द पक्का मराठी. एक तुकडा कळला की दहा शब्द उघडतात, म्हणून यावर मी फार वेळ घालवत नाही. मुलं पुढे आपली आपण जातात.

ज्या तासाबद्दल मला खरं तर लिहायचं होतं तो आता सांगते. धड्यात विहिरीचा प्रसंग होता आणि ‘दोर’ असा शब्द होता. मी सहज विचारलं, दोर म्हणजे? एक मुलगा उभा राहिला. बीडकडचा, वडील बांधकामावर, दोन वर्षांपूर्वी कुटुंब इकडे आलेलं. वर्गात फार बोलत नसे. बोलला की बाजूची मुलं हसत, मग तो आणखी गप्प होई. त्याच्या प्रगतिपत्रकात मी माझ्या हातानं लिहिलं होतं, ‘शब्दसंग्रह वाढवण्याची गरज आहे.’

तो म्हणाला, ‘बाई, कसला दोर?’

मी म्हटलं, म्हणजे? तो म्हणाला, ‘बैलाला गाडीला जुंपल्यावर हातात धरतेत तो कासरा. गोठ्यात बांधतेत ते दावं. नाकातनं घालतेत ती वेसण. मोठं जाडजूड असंल तर चऱ्हाट. पोतं शिवायला सुतळी.’ मी खडू त्याच्या हातात दिला. त्यानं फळ्याजवळ येऊन एक बैल काढला, चांगला ऐटदार, आणि कुठला दोर कुठे असतो ते दाखवलं. वर्गात कुणी हसलं नाही. पेठेत वाढलेली मुलं वह्या उघडून ते चित्र उतरवून घेत होती.

मग मी भर घातली. कुणाच्या बोलण्याला वेसण घालतात, कुणी गप्पांचं चऱ्हाट लावतं. हे वाक्प्रचार मी दर वर्षी शिकवते, अर्थासकट लिहून देते. त्या दिवशी नाकातली वेसण ओढल्यावर बैलाची मान कशी वळते हे त्यानं स्वतःचं नाक धरून दाखवलं, आणि वाक्प्रचाराचा अर्थ लिहून देण्याची गरज राहिली नाही. बसता बसता तो म्हणाला, ‘आमचे आबा म्हणतेत, कासराभर दिवस वर आला.’ हे ऐकून मीच थांबले. पुस्तकांत वाचलेला वाक्प्रचार होता. जिवंत माणसाच्या तोंडून, वर्गात, मी तो पहिल्यांदा ऐकत होते. म्हणजे केव्हा रे? ‘उठून उशीर झाला म्हंजी. सूर्य कासऱ्याएवढा वर आला. आबा तेव्हा न्याहारी करून औत सोडायला आलेले असतेत.’

त्या आठवड्याचे पाच शब्द मी बदलले. कासरा, दावं, वेसण, चऱ्हाट आणि कासराभर. चिठ्ठ्यांवर ‘कुणी म्हटलं’ या जागी त्याचं नाव आलं, पाचही चिठ्ठ्यांवर. सत्राच्या शेवटी प्रगतिपत्रक लिहायला घेतलं तेव्हा त्याच्या नावापुढचं जुनं वाक्य मला परत लिहिता आलं नाही. त्याचा शब्दसंग्रह कमी नव्हता. माझ्या वर्गात त्या शब्दांना बसायला जागा नव्हती. तसे आणखी किती जण येऊन गेले असतील या ११ वर्षांत, कैकाडी बोलणारे, वडारी बोलणारे, लातूरचे, कर्नाटकाच्या सीमेवरचे, ज्यांना मी नुसता प्रमाण शब्द देत राहिले आणि त्यांच्याकडचा मागून घेतला नाही. ही खंत माझ्या मनातून जात नाही. प्रमाण शब्द त्यांना द्यायलाच हवा, ‘अनुक्रमे’ आला नाही तर त्यांचंच नुकसान आहे. पण देताना घेतलं नाही, तर मूल आपलं गाठोडं दाराबाहेर ठेवून आत येतं आणि रिकाम्या हातानं बसतं.

अडचणी नाहीत असं नाही. पालकसभेत एका वडिलांनी काळजीनं विचारलं, ‘बाई, वहीत शब्दार्थ दिसत नाहीत, परीक्षेला काय करायचं?’ त्यांचा प्रश्न रास्त होता. प्रश्नपत्रिका मी एकटीनं बदलू शकत नाही. म्हणून परीक्षेआधी दोन आठवडे आम्ही समानार्थी, विरुद्धार्थी शब्दांची उजळणी करतो, अगदी रकाने आखून. फरक एवढाच की तोवर बरेचसे शब्द मुलांच्या अंगवळणी पडलेले असतात, आणि ‘बाई, हे दोन तंतोतंत सारखे नाहीत’ अशी हरकत वर्गातून येते. त्या हरकतीला मी मनात गुण देते. ५२ जणांत रोज प्रत्येकाला बोलायला मिळत नाही, हे शल्य आहेच. जोड्या पाडून एकमेकांशी बोलायला लावते, गलका होतो, शेजारच्या वर्गाला त्रास होतो, त्यांची माफी मागून येते.

गेल्या महिन्यात काळजीच्या आसपासचे शब्द घेतले होते. चिंता, धास्ती, हुरहूर, घालमेल. त्याच धर्तीवर, प्रसंग सांगून. धास्ती कशाची वाटते ते ठाऊक असतं, हुरहुरीचं कारण धड सांगता येत नाही, घालमेलीत माणूस एका जागी बसू शकत नाही, असं काहीसं वर्गानं ठरवलं होतं. गुरुवारी खोकं उघडलं तर पहिल्या कप्प्यात एक चिठ्ठी चार घड्या घालून ठेवलेली. बाकीच्या चिठ्ठ्या सपाट असतात. वरच्या घडीवर पेन्सिलीनं लिहिलं होतं, ‘बाई, ही वाचून दाखवू नका.’

मी ती बाजूला ठेवली. मधल्या सुट्टीत, वर्ग रिकामा झाल्यावर उघडली. कोपऱ्यात शब्द होता, ‘घालमेल’. खाली तीन ओळी होत्या, घरातल्या, रात्रीच्या. त्या मी इथे लिहीत नाही. ‘कुणी म्हटलं’ ही जागा तिनं कोरी सोडली होती, आणि ‘कोणत्या दिवशी’ या जागी लिहिलं होतं, ‘काल’.

अक्षर ओळखीचं होतं. मुंडावळ्या बांधून बसलेल्या नवरीचं वाक्य त्याच अक्षरात होतं. मी चिठ्ठीच्या घड्या पूर्वीसारख्या घातल्या, आणि खिडकीतून मैदानाकडे पाहिलं. ती कठड्यावर एकटी बसून डबा खात होती. मी माझा डबा उचलला आणि खाली उतरले.